मुदत पॉइंटांची, तब्येत आईची

चिखलीच्या बसस्थानकावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले की माझे कितीतरी रुग्ण तेथेच भेटतात. कोणी शेगावच्या दर्शनाला निघालेले, कोणी मेहकरला लेकीकडे, कोणी सैलानीला. आमच्या गावाला रेल्वे नाही. त्यामुळे येथील वडीलधाऱ्यांची यात्रा, सहल आणि पाहुणचार हे सारे एस.टी.च्याच भरवशावर चालते. सदऱ्याच्या खिशातले आधारकार्ड वाहकापुढे धरून शून्य रकमेचे तिकीट घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता दिसते, ती माझ्या कोणत्याही टॉनिकने आलेली मी पाहिलेली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अलीकडे आणखी एका बचतीचा हिशेब सुरू झाला असेल. मुले पुण्या-मुंबईला मोठ्या दालनांतून किराणा घेतात, त्यावर पॉइंट जमतात आणि ‘या सुटीत पॉइंटांवर फिरून येऊ’ असा बेत ठरतो. ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये टेस्कोचे क्लबकार्ड १९९५ पासून चालू आहे आणि त्यावरील पॉइंट सहलीच्या ठिकाणांच्या प्रवेशासाठी बदलून घेता येतात. आपल्याकडे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टाटा न्यू’वर बिगबास्केटच्या खरेदीतून ‘न्यूकॉइन’ मिळतात. एका कॉइनची किंमत एक रुपया. या सोयींना माझा विरोध नाही. मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे. शंभर रुपयांमागे एक रुपया सुटतो असे धरले आणि महिन्याचा किराणा आठ हजारांचा असला, तर वर्षाला ९६० रुपये होतात. त्यात एखाद्या रात्रीच्या मुक्कामाला हातभार लागेल, इतकेच. उलट ‘दोन हजारांच्या वर खरेदी केल्यास दुप्पट पॉइंट’ या मोहापायी टोपलीत जे शेवटी पडते, ते बहुधा फरसाण, लोणचे आणि बिस्किटे असतात. रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरात मिठाचे डबे असे पॉइंटांच्या वाटेने शिरतात, हे मी तपासणीच्या खोलीत बसून पाहतो.

पण मला सांगावयाचे आहे ते माझ्या स्वतःच्या घरातले. मुलीच्या किराण्याच्या पॉइंटांतून एका दालनाने तिला मुक्कामाच्या सवलतीचे कूपन दिले होते. त्याची मुदत ३१ मे. मुदत वाया जाऊ नये म्हणून मी, तीस वर्षांच्या अनुभवाचा डॉक्टर, सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोटारीने लोणारला निघालो. पारा चाळिशीच्या वर. आईला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने तिने सकाळपासून पाणीच घेतले नव्हते. आणि मी तिला ते विचारलेही नाही. धारेच्या पायऱ्या चढून वर येताना ती एकदम खाली बसली. बसलेली असताना तिचा वरचा रक्तदाब १२८ होता, उभे केल्यावर ९६ झाला. उभे राहताच तो २० किंवा अधिकने उतरला, तर वृद्ध माणूस पडण्याचा धोका फार वाढतो. मांडीचे हाड मोडले, तर त्या कूपनाच्या कितीतरी पट खर्च शस्त्रक्रियेला येतो आणि पुष्कळदा माणूस पूर्ववत चालत नाही. आई सावलीत साखर-मिठाच्या पाण्याने सावरली. परतीच्या वाटेवर ती मलाच धीर देत होती. मला मात्र मान वर करवत नव्हती.

त्यानंतर मी हिशेब उलट मांडला. तारीख आईच्या तब्येतीने ठरवायची आणि सवलत तिला जी कायम मिळते तीच घ्यायची. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. राज्याच्या हद्दीत विनामूल्य आहे. ६५ ते ७५ या वयोगटाला अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत; तशी अपेक्षा ठेवून वाहकाशी वाद घालणारे आमचे एक काका आहेत, म्हणून सांगून ठेवतो. शून्य रकमेचे तिकीटही मागून घ्यावेच. रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. तेथे खरी मदत खालच्या बर्थच्या कोट्याची: पुरुष ६० आणि महिला ४५ वर्षांवरील. हा कोटा एकट्याला किंवा अशा दोघांनाच मिळतो. सहा जणांचे तिकीट एकत्र काढले की तो गेला. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे.

डिसेंबरात आम्ही पुन्हा लोणारला गेलो, या वेळी एस.टी.ने, मेहकरला गाडी बदलून. आईचे तिकीट शून्याचे, सौभाग्यवतींचे अर्धे. वाचलेले पैसे आणखी एखादे ठिकाण पाहण्यात घालवले नाहीत. आसन मागच्या चाकावरचे नको म्हणून पुढचे धरले, मेहकरला तासभर बसलो, लोणारच्या स्थानकावरून रिक्षा केली आणि एक रात्र मुक्काम ठेवला. परगावी जाताना कित्येक रुग्ण लघवीची गोळी आपल्या मनानेच बंद करतात. तसे करू नये. गोळी कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मुतखड्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पाणी किती प्यावे, तेही विचारावे. आईने बाटलीतले पाणी घोट घोट घेतले, कारण या वेळी प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह कोठे आहे ते मी आधी जाऊन पाहून येत होतो.

पायऱ्या उतरण्याचा आग्रह कोणी धरला नाही. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ तिने हातातल्या काठीच्या आधाराने सावकाश पाहिले. संध्याकाळी विवराच्या काठावर, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे ते अवाढव्य पात्र पुढ्यात ठेवून, ती अर्धा तास खुर्चीवर बसून होती. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, असे मी सांगू लागलो. ‘ते राहू दे,’ ती म्हणाली, ‘बाटली दे इकडे. आणि ते स्वच्छतागृह डावीकडे ना?’