चौघांची बाज

मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, कफर्णहूममधली एक गोष्ट आहे. पक्षघात झालेल्या माणसाला चौघे जण बाजेवर घालून येशूकडे आणतात. दारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून छप्पर उसकटून ते बाज वरून खाली सोडतात. सौंसरला लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला रोग्यापेक्षा घरमालकाची काळजी वाटली होती. आमच्या घरावर कवेलू होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते फेरायला माणूस मिळता मिळत नसे. त्या बिचाऱ्याचं छप्पर कोणी नीट केलं, असं मी विचारलं तर सगळे हसले.

पुढे बाबा आजारी पडले. आम्ही त्यांना बैतूलपलीकडे पाढरला नेलं. १९५८ साली डॉ. क्लेमंट मॉस यांनी सुरू केलेला तिथला मिशनचा दवाखाना आमच्या भागातल्या लोकांचा जुना आधार. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही कारण घेऊन यायचा. कोणी म्हणे देव परीक्षा पाहतो, कोणी म्हणे काहीतरी चुकलं असेल. बाबा भिंतीकडे तोंड करून पडत. त्या दिवसांत मी ईयोबाचं पुस्तक वाचलं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव रागावतो तो भांडणाऱ्या ईयोबावर नाही, कारणं सांगणाऱ्या या मित्रांवर.

मग माझी पाळी आली. तोवर मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले होते. गाठ कर्करोगाची निघाली, केमोसाठी नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. दुखण्यात श्रद्धा कशी उजळते, हे मी इतरांना अनेकदा सांगितलं होतं. माझी उजळली नाही. प्रार्थनेला बसले की मळमळायचं, शब्द अर्ध्यात सुटायचे. पंडिता रमाबाई आठवून तर लाजच वाटायची. १९२१मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, स्वतःचं शरीर थकलेलं, तरी एप्रिल १९२२मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या बायबलच्या भाषांतराच्या कामात होत्या. पण केडगावच्या छापखान्यात त्या बायबलाचे खिळे जुळवणाऱ्या हातांकडे माझं लक्ष उशिरा गेलं. ते रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांचे हात होते. रमाबाईंचंही शेवटचं ओझं एकटीचं नव्हतं.

माझं तर नव्हतंच. मंडळीतल्या बाया पाळीपाळीने जेवण आणायच्या. संत्र्याच्या बागेचा तोडा सोडून शेजारचा पोरगा मला स्टेशनवर पोचवायचा. शेजारच्या काकू एकदा चाचरत म्हणाल्या, "जामसावळीले मारोतीपाशी बोलली मी तुह्यासाठी, पोरी. तुह्या देवाले राग तं नाही येणार ना?" मी म्हटलं, "नाही काकू, येणार नाही."

त्या रात्री मार्क पुन्हा उघडला. येशूने विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. पण रोग्याचा नाही, त्या बाज आणणाऱ्यांचा. रोगी तर सगळ्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. आपल्याकडे चौघांनी उचललं म्हणजे माणूस संपला. इथे चौघांनी उचललं म्हणून तो देवापुढे पोचला. माझ्या आजाराला काही आध्यात्मिक अर्थ असेल तर तो एवढाच: माझी प्रार्थना थांबली, तरी माझ्यासाठीची प्रार्थना थांबली नव्हती. हा आजार देवाने धाडला असं मी मानत नाही. माझी बाज उचलणारे मात्र त्यानेच धाडले, असं नक्की मानते.

म्हणून एक विनंती. आजाऱ्याकडे जाल तेव्हा कारण घेऊन जाऊ नका. डबा न्या, दवाखान्याच्या रांगेत त्याच्या जागी उभे राहा, नाहीतर नुसते बसा. बाजेचा एक कोपरा धरलात तरी पुष्कळ झालं.