नरनाळ्याच्या वाटेवर दोन वाटाडे

हिवरखेडच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. पावसाळा सरल्यानंतरच्या स्वच्छ सकाळी तर ती इतकी जवळ भासते, की हात लांब केल्यास स्पर्श व्हावा. माझ्याकडे औषधासाठी येणाऱ्या सत्तरीपुढील मंडळींनी ती रांग जन्मभर पाहिली आहे. कापूस वेचताना, संत्र्याच्या बागेला पाणी देताना. तिच्याच कुशीत नरनाळा आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. परंतु गडावर गेला होतात का, असे विचारले की बहुधा एकच उत्तर येते : “राहूनच गेलं, डॉक्टरसाहेब.”

वाचकहो, राहून गेलेली अशी एखादी जागा आपल्याही मनात असेल. ती पाहण्याचा बेत कसा आखावा, हे मी येथे सांगणार आहे. त्या सांगण्याचा मला अधिकार आहे तो पदवीमुळे नव्हे. असा एक बेत मी स्वतःच बिघडवला होता म्हणून.

प्रथम गडाविषयी. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर गाठायचे. हे पायथ्याचे गाव. गडमाथा समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे. अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास वऱ्हाडात मुक्काम केला, तेव्हा गाविलगड बांधवला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. म्हणजे गड त्याही आधीचा. त्याचे खरे भूषण म्हणजे महाकाली दरवाजा. पांढुरक्या दगडात कोरलेली कमळे, दोन्ही बाजूंचे नाजूक सज्जे आणि माथ्यावरचा १४८७ सालचा शिलालेख. हा दरवाजा उभारणारा फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क पुढे १४९० मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. वर राणीमहाल आहे, शक्कर तलाव आहे, नऊगजी तोफ आहे आणि पावसाचे पाणी साठवणारी कमानींची टाकी आहेत, ज्यांना लोक तेलातुपाची टाकी म्हणतात. एका दिवसात हे सारे पाहण्याचा हट्ट तरुणांनी करावा. आपण करू नये.

हा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतो. तेथे मनास येईल तेव्हा, मनास येईल तिकडे फिरता येत नाही. वनखात्याची परवानगी व सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि बंद असण्याचे दिवस बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करून ठेवावी. शहानूरपासून वर रस्ता आहे व परवानगीने वाहन नेता येते. ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय आहे. चढ वाहनाने काढावा आणि पायांतील बळ दरवाजे व महाल पाहण्यासाठी राखून ठेवावे. गड पायीच चढला पाहिजे, अन्यथा तो पाहिला असे म्हणू नये, असे सांगणारे एक गृहस्थ प्रत्येक गावात असतात. त्यांना हसून नमस्कार करावा.

जुन्या किल्ल्यांची एक गोष्ट आपण विसरतो. त्या वाटा पाहुण्यांसाठी बांधलेल्याच नाहीत; शत्रूला दमवावे म्हणून बांधल्या आहेत. वळणे, उंचसखल पायऱ्या, एका दरवाजामागे दुसरा दरवाजा. हे केवळ आपल्याकडेच नाही. माझा पुतण्या जपानात नोकरीस आहे. त्याने आईवडिलांना हिमेजीचा किल्ला दाखवण्यास नेले. १६०९ मध्ये पूर्ण झालेला तो पांढराशुभ्र बुरूज आत लाकडी आहे. पादत्राणे काढून हातात धरायची आणि शिडीसारखे उभे जिने चढायचे. वहिनींचे गुडघे दुसऱ्याच मजल्यावर थांबले. पुढच्या आठवड्यात ओसाकाचा किल्ला मात्र त्यांनी वरपर्यंत पाहिला, कारण तो बुरूज १९३१ मध्ये काँक्रीटने पुन्हा बांधलेला असून तेथे लिफ्ट आहे. पुतण्याने दोन्ही किल्ल्यांचा इतिहास वाचला होता. जिन्यांची चौकशी तेवढी केली नव्हती.

मीही तसेच केले. काही वर्षांपूर्वी जानेवारीत गावातील सात ज्येष्ठांना घेऊन मी नरनाळ्यास निघालो. त्यांत माझे शाळेतील गुरुजी होते, वय सत्त्याहत्तर. तीस वर्षे मुलांना त्यांनी इमादशाही शिकवली, महाकाली दरवाजाचे चित्र फळ्यावर काढले, पण तो दरवाजा प्रत्यक्ष पाहिला नव्हता. त्यांची सून सोबत होती. परवानगी, वाहन, वाटाड्या, पाणी, दुपारची शिदोरी, सर्व काही मी चोख केले होते.

वाहनातून उतरून आम्ही पायी निघालो. मी वाटाड्याशी बोलत पुढे होतो. मागे गुरुजींचा आवाज चढला. ते वाटाड्याला, मला, सर्वांनाच रागावत होते. आम्ही चुकीच्या दिशेने नेत आहोत, असे त्यांचे म्हणणे. मला वाटले, थकले असतील. तेवढ्यात सूनबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मामाजी असे बोलत नाहीत कधी.”

मी वळून पाहिले. जानेवारीच्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. रक्तातील साखर उतरली होती. साखर मोजण्याचे यंत्र वाहनात राहिले होते. मोजण्याची वाट न पाहता मी त्यांना पाण्यात ग्लुकोज कालवून पाजले. दहा-पंधरा मिनिटांत ते भानावर आले. मग उलगडा झाला. मधुमेहाची गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली होती आणि वर फक्त चहा. “अरे, घरून निघताना पोट हलकं बरं असते,” ते मला म्हणाले. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडणारी होती. पोटात अन्न असो वा नसो, ती आपले काम करते. तिचा परिणाम बराच काळ टिकत असल्यामुळे साखर पुन्हा उतरण्याची भीती असते. म्हणून त्यांना बिस्किटे व पोळी खाऊ घालून आम्ही तसेच अकोटला रुग्णालयात नेले. दरवाजा तेथून फार दूर नव्हता. त्यांनी एकदा मागे वळून पाहिले आणि काही बोलले नाहीत.

ती गोळी मीच लिहून दिलेली होती. “उद्या काय खाऊन निघाल?” एवढेच विचारायचे राहिले होते.

तेव्हापासून मी म्हणतो, ज्येष्ठांच्या सहलीला दोन वाटाडे हवेत. एकाला गड ठाऊक असावा, दुसऱ्याला माणूस. दुसरा वाटाड्या डॉक्टर असण्याची गरज नाही. सून, मुलगा, नात, शुश्रूषा करणारी मावशी, कोणीही चालेल. ज्याला आपल्या माणसाचे नेहमीचे बोलणे, नेहमीची चाल ठाऊक आहे, त्यालाच ती बदललेली प्रथम कळते. त्याने पुढे चालू नये, गर्दीत मिसळू नये, छायाचित्रांत रमू नये. आपल्या माणसाच्या अर्धे पाऊल मागे, दुखऱ्या बाजूला चालावे.

बेत आखण्यास दीड महिना आधी आरंभ करावा. सपाट रस्त्यावर अर्धा तास न थांबता चालता येते का आणि एक जिना चढून गेल्यावर सलग वाक्य बोलता येते का, हे पाहावे. येत नसेल तर रोज थोडे वाढवत जावे. चालताना छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात कळ, किंवा पूर्वी नसलेला दम लागत असेल, तर गड बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करावी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, चढताना नव्हे. म्हणून पायऱ्या उतरण्याचा सराव हवा : चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुखरा पाय व काठी आधी. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला असावी. आजोबांची जुनी काठी बहुधा त्यांच्यापेक्षा उंच माणसाची असते!

आता औषधे. जाण्याच्या आठवडाभर आधी सर्व गोळ्यांची पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि त्या दिवशीचे वेळापत्रक लिहून घ्यावे. मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे मुद्दाम विचारावे; कारण प्रसाधनाची सोय नाही या धास्तीने, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. मग शरीर कोरडे पडते, रक्तदाब उतरतो आणि बसल्या जागेवरून उठताना घेरी येते. स्वच्छतागृह कोठे आहे, हे वाटाड्याला पहिल्याच फोनवर विचारण्यात संकोच कसला? दुसरे, गुडघे दुखतील म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन निघू नये. आपल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी कमी नाहीत. कमी पाणी, रक्तदाबाची औषधे आणि वर वेदनाशामक, हा मेळ मूत्रपिंडास मानवत नाही.

मधुमेह असलेल्यांनी नेहमीची न्याहारी करूनच निघावे. ग्लुकोजची पुडी आणि साखर मोजण्याचे यंत्र दुसऱ्या वाटाड्याच्या खिशात असावे, वाहनात नव्हे. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले की थांबवून बसवावे व तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा द्यावे, सुधारल्यावर पोळी-भाजी खाऊ घालून रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज वा अकार्बोज आहे, त्यांना घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. काही रक्तदाबाच्या औषधांमुळे धडधड व थरथर जाणवतच नाही, तेव्हा वागण्यातील बदलावर लक्ष ठेवावे.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. त्यानंतर अकोल्याचे ऊन काय असते, हे आपणास मी सांगणे नको. परंतु हिवाळ्यातील पहाटही दमेकरी व हृदयरोग्यांना जाचते. ऊन अंगाला लागल्यावरच चालण्यास आरंभ करावा आणि बारापूर्वी वाहनाकडे परतावे. परतीची वेळ आधी ठरवावी आणि ती झाली की, समोर काहीही असले तरी वळावे.

वाटाड्याला दोन विनंत्या कराव्यात. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे, आणि चालताना इतिहास सांगू नये. कमानीकडे मान वर करून चालताना तोल जातो. सांगायचे ते सर्वजण बसल्यावर सांगावे. दरवाजांच्या सज्जांखाली कधी आग्या मोहोळ असते. तेथे अत्तर, धूर आणि गोंगाट वर्ज्य.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सातजण नव्हे, तिघेच. राणीमहाल नाही, तोफ नाही, केवळ महाकाली दरवाजा. गुरुजींनी दोन पोळ्या व पिठले खाऊन घेतले होते, गोळीची मात्रा मी आधीच बदलली होती. यंत्र सूनबाईंच्या पर्समध्ये होते. वाहनापासून दरवाजापर्यंत तीन वेळा बसलो. पोहोचल्यावर वाटाड्याने सवयीने सांगण्यास आरंभ केला, तेव्हा गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवले आणि दगडावर बसल्या बसल्या, काठीने शिलालेखाकडे निर्देश करीत, फतेहउल्लापासून सारे स्वतःच सांगितले. तो तरुण वाटाड्याही खाली बसून ऐकत होता. साडेअकरा वाजले. आमची परतीची वेळ झाली होती, म्हणून सूनबाईंनी त्यांना उठण्यास हात दिला.