आईचं बीपी

आईला मधुमेह जुनाच. मूत्रपिंडाचा आजार कळला तेव्हा अंगावर सूज नव्हती, लघवीची तक्रार नव्हती. क्रिएटिनिन १.८, लघवीतून प्रथिनं जात होती आणि वरचं बीपी १६०च्या पुढे. "मला काही होतच नाही, मग एवढ्या गोळ्या कशाला?" असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी तिलाच समजावलं. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्यांची जाळी असते. दाब वाढला की ती झिजते आणि ती झिजली की दाब आणखी चढतो. म्हणून बीपी १३०/८०च्या खाली आणायचं ठरलं.

टेल्मिसार्टन सुरू झालं. या गोळीने दाब उतरतोच, शिवाय लघवीतून जाणारी प्रथिनंही कमी होतात. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन २.० आलं आणि धाकटा भाऊ घाबरला, "गोळी बंद करूया." पण सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंत वाढ चालते, पोटॅशियमवर मात्र लक्ष हवं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पोटॅशियम ठीक होतं. गोळी चालू राहिली.

बीपी मोजणं आता घरचा नेम आहे. चहानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. आई लघवीला जाऊन येते, खुर्चीत पाठ टेकून बसते. पाय जमिनीवर, हात टेबलावर, टीव्ही बंद. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. डॉक्टर ती वही पाहून डोस ठरवतात. घाईत घेतलेल्या चढ्या आकड्यावर डोस वाढला, तर उठताना तिलाच चक्कर येईल.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण बंद. शेजारच्या काकूंनी प्रेमाने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, पण त्यात पोटॅशियम असतं, म्हणून ते आईला देत नाही. गुडघे दुखले तरी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणत नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना फोन.

घरात मधुमेह किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्याच. साध्या लॅबमध्ये होतं. त्रास जाणवायची वाट पाहू नका, तोवर बरंचसं मूत्रपिंड निकामी झालेलं असतं.