टिव्होलीचा बेत

प्रवासाहून परत आल्यावर प्रवासवर्णन लिहिणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ झाले. पण प्रवासाला निघण्यापूर्वीं घरांत जे बेत शिजतात, त्यांचें वर्णन कोणी मनावर घेऊन केल्याचें फारसें आढळत नाहीं. वास्तविक प्रवासाचा निम्मा आनंद या बेतांतच असतो. प्रत्यक्ष प्रवासांत पाय दुखतात, पाऊस येतो, सोबतच्या माणसांचे स्वभाव नव्यानें कळतात. बेतांत मात्र ऊन नेहमीं कोवळें असतें, गाड्या वेळेवर सुटतात आणि खिशांतले पैसे कधींच संपत नाहींत. गेले दोन महिने आमच्या घरीं असा एक बेत रोज रात्रीं जेवणानंतर रंगत आहे. त्याचें नांव टिव्होली.

आमची कन्या व जांवई गेलीं दहा वर्षें डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथें राहतात. त्यांची आठ वर्षांची मुलगी तेथेंच जन्मली. यंदां दसरा आटोपल्यावर तिकडे जावें आणि दिवाळी मुलांत करावी असें आम्हां उभयतांचें ठरलें, तेव्हां नातीनें दूरध्वनीच्या पडद्यावरून हुकूम सोडला, “आजी-आजोबा, आलात कीं आधीं टिव्होली!” शहराच्या मध्यवर्ती रेल्वे-स्टेशनाला लागूनच हें क्रीडोद्यान आहे. ती तेथें अनेकदां गेलेली. आम्हीं त्याचें फाटकसुद्धां पाहिलेलें नाहीं. म्हणजे यजमान आठ वर्षांची आणि पाहुणे सत्तरी उलटलेले, असा हा उलटा पाहुणचार होणार.

पाहुण्यानें जाण्यापूर्वीं यजमानाच्या घराची थोडी माहिती करून घ्यावी, या जुन्या शिस्तीप्रमाणें मीं वाचन आरंभिलें. टिव्होली बाग १५ ऑगस्ट १८४३ रोजीं उघडली. ही तारीख ऐकतांच आमच्या घरांत त्या परक्या बागेविषयीं एकाएकीं आपलेपणा उत्पन्न झाला, हें सांगावयास नकोच. तिचा संस्थापक गेऑर्ग कार्स्टेन्सन हा १८१२ सालीं अल्जियर्स शहरीं जन्मलेला एका डॅनिश वकिलातदाराचा मुलगा. पॅरिसमधील टिव्होली आणि लंडनमधील व्हॉक्सहॉल या त्या काळच्या नामांकित बागांच्या धर्तीवर आपल्या राजधानींतही एक बाग असावी, असें त्याच्या मनानें घेतलें. राजा आठवा क्रिश्चन याच्याकडून परवानगी मिळवितांना त्यानें मोठा धूर्त युक्तिवाद केल्याचें सांगतात: प्रजा करमणुकींत रमली म्हणजे तिला राजकारण सुचत नाहीं! परवानगी मिळाली आणि शहराच्या पश्चिम दरवाजाबाहेरची, तटाला लागून असलेली लष्करी जागाही मिळाली. गंमत अशी कीं, पुढें सहाच वर्षांनीं, १८४९ सालीं, त्याच प्रजेच्या देशांत राज्यघटना आली आणि अनियंत्रित राजसत्ता संपुष्टांत आली. फिरत्या घोड्यांवर बसून आलेलीं माणसें घरीं जाऊन विचारही करूं शकतात, ही गोष्ट त्या युक्तिवादांत धरलेली नव्हती.

त्या जुन्या तटाच्या खंदकाचा एक भाग आज बागेंतलें तळें होऊन राहिला आहे. आपल्या पुण्यांत पर्वतीच्या पायथ्याशीं असलेलें तळें जाऊन सारसबाग झाली, पण गणपति मात्र अजून ‘तळ्यांतला’च राहिला. तिकडे खंदकाचें तळें झालें, आणि या शहराला एके काळीं तट होता ही आठवण त्या पाण्यांत उरली. गांवें आपली स्मृति अशा आडमार्गानें जपत असतात.

माहिती मिळाली, आतां दिवस ठरविणें आलें, आणि येथेंच बेताला खरी अडचण उभी राहिली. टिव्होलीची शोभा रात्रींच्या दिव्यांत आहे, याविषयीं सर्वांचें एकमत. परंतु डेन्मार्क इतका उत्तरेकडे कीं, जून महिन्यांत तेथें सूर्य मावळावयास रात्रींचे जवळजवळ दहा वाजतात. दिवे खुलावेत इतका अंधार पडेतों नातीची निजण्याची वेळ टळून जाणार. ऑगस्टअखेर अंधार थोडा लवकर पडतो खरा. पण त्या सुमारास तिची शाळा सुरू होते आणि इकडे आमच्या घरीं गणपति येण्याचे दिवस जवळ येतात. “मुलांना भेटायला म्हणून गणपति शेजाऱ्यांवर सोंपवून जाणं मला जमणार नाहीं,” असा निर्णय माजघरांतून आला, आणि तो अपिलापलीकडचा होता. शिवाय ही बाग बारा महिने उघडी नसते. उन्हाळा, मग ऑक्टोबरमधला भोपळ्यांचा हंगाम आणि नंतर नाताळ, असे तिचे ठराविक मोसम असतात. मध्यें तिचीं फाटकें बंद असतात. ऑक्टोबरच्या मध्यास तिकडच्या शाळांना आठवडाभर सुटी असते, सूर्य सायंकाळीं सहाच्या सुमारास मावळतो, आणि यंदां दसरा व दिवाळी यांच्यामध्यें हा आठवडा नेमका बसतो. थंडी मात्र पुण्यांतल्या पौषाच्या पहाटेसारखी भर दुपारीं असणार, आणि पावसाचा नेम नाहीं. तेव्हां छत्री, लोकरी मोजे आणि ऑक्टोबर, असा ठराव मंजूर झाला.

त्या हंगामांत बागेंत जिकडेतिकडे लाल भोपळे मांडलेले असतात असें नातीनें सांगितलें. “इतके भोपळे नुसते शोभेला? त्यांचे घारगे नाहीं का करीत कोणी?” असा प्रश्न आजीनें विचारला. त्याचें उत्तर डेन्मार्ककडून अद्याप आलेलें नाहीं.

यानंतर खर्चाचें प्रकरण. बागेंत शिरण्याचें तिकीट वेगळें आणि आंतल्या पाळण्यांचें, गाड्यांचें वेगळें. वाटल्यास दिवसभर कितीही वेळां बसण्याचें एकच तिकीट काढावें. ज्यांना केवळ बाक पकडून बसावयाचें आहे त्यांनीं नुसतें प्रवेशाचें घ्यावें, हा व्यवहार मला न्याय्य वाटला, आणि आम्हां दोघांची नोंद मीं मनाशीं बाकाकडे करून ठेवली. क्रोनचे रुपये करून पाहण्यास मला बंदी आहे, हेंही येथें नमूद करावयास हवें.

पण बाकाचा हिशेब फार दिवस टिकला नाहीं. टिव्होलींत १९१४ सालापासून चालत आलेली एक लांकडी डोंगरगाडी आहे. तिचें डॅनिश नांव नातीसमोर उच्चारावयाचें नाहीं, असें मीं ठरविलें आहे. जगांत अजून चालू असलेल्या अशा जुन्या लांकडी गाड्यांत तिची गणना होते. हल्लींच्या गाड्यांचा वेग यंत्र सांभाळतें. हिच्यांत मात्र प्रवाशांबरोबर एक माणूस बसलेला असतो आणि उतारावर ब्रेक लावणें त्याच्या हातीं असतें. मीं हें सहज वाचून दाखविलें. सौभाग्यवती दाणे सोलीत होत्या, त्यांनीं हात थांबविला. “अहो, ब्रेक माणसाच्या हातांत आहे ना? मग मी बसेन.” त्याच बागेंत २००६ सालीं उभारलेला ८० मीटर उंचीचा साखळ्यांचा पाळणाही आहे; पण त्याविषयीं त्यांनीं एक अक्षर काढलें नाहीं.

त्या एका वाक्यानें माझ्या मनांत बरेच दिवस घोळत असलेल्या एका कोड्याचा उलगडा झाला. टिव्होलीचें नांव निघालें कीं तिकडचीं माणसें हळवीं होतात. आजोबांचें बोट धरून येथें आलों होतों, आईनें येथें खाऊ घेऊन दिला होता, अशा आठवणींचें तें माहेरघर आहे. पण ज्याला तेथली एकही आठवण नाहीं, त्या पुणेकर म्हाताऱ्याला तिची ओढ कां वाटावी? माझ्या लहानपणची करमणूक म्हणजे गांवच्या जत्रेंतला रहाटपाळणा. चार लांकडी खोके, आणि ते हातांनीं ढकलून फिरविणारीं दोन घामाघूम माणसें. भीति वाटून आपण ओरडलों कीं तीं वर पाहून हंसत आणि पाळणा अंमळ हळू करीत. त्या पाळण्याच्या आणि या डोंगरगाडीच्या मध्यें सात समुद्र आहेत. परंतु दोन्हीकडे आपल्या भीतीची दखल घेणारा कोणाचा तरी हात आहे. जुन्या करमणुकीची गोडी तिच्या जुनेपणांत नसून या हातांत असावी, असें मला वाटूं लागलें आहे.

टिव्होलीविषयीं वाचतांना हा हात ठिकठिकाणीं दिसतो. तेथें १८७४ सालीं चिनी धाटणीचें एक उघडें नाट्यगृह बांधलें. त्याला पडदा नाहीं. पडद्याच्या जागीं भला थोरला मोर आहे, आणि खेळ सुरू होतांना त्याचा पिसारा मिटून खालीं जातो. तेथें होणारे मूकनाट्याचे खेळ जुन्या इटालियन परंपरेंतले. पांढऱ्या तोंडाचा भोळा पिएरो, ठिगळांच्या पोषाखांतला चपळ हार्लेक्विन आणि त्याची कोलंबीन, हीं पात्रें एक शब्दही न बोलतां सगळी कथा सांगतात. हा खेळ बेतांत अग्रभागीं राहावा असा माझा आग्रह आहे, आणि त्याचें कारण मीं अजून घरांत बोललेलों नाहीं. नातीचें मराठी चांगलें आहे. पण दर वर्षीं तिच्या वाक्यांतले डॅनिश शब्द थोडे वाढतात, आणि पडद्यावरून बोलतांना आमचे न समजलेले शब्दही थोडे वाढतात. “म्हणजे काय?” हा प्रश्न आतां दोन्ही बाजूंनीं येतो. त्या मोरासमोर आम्हां तिघांना सारखेंच कळेल किंवा सारखेंच कळणार नाहीं. तेवढा अर्धा तास कोणीच कोणाचा दुभाषी असणार नाहीं.

हान्स क्रिश्चन अँडरसन हा बाग उघडली त्याच वर्षीं तेथें गेला होता, आणि १८४३ च्या ऑक्टोबरमध्यें त्यानें ‘नाइटिंगेल’ ही चीनच्या बादशहाची कथा लिहावयास घेतली. खरा पक्षी आणि रत्नजडित यांत्रिक पक्षी यांची ती कथा आपल्याकडेही मुलांना ठाऊक आहे. यंत्राचा पक्षी एक दिवस मोडतो, आणि बादशहा मरणाच्या दारीं असतां खराच पक्षी येऊन गातो. दिव्यांनीं आणि लटक्या चिनी शोभेनें नटलेली बाग पाहून आलेल्या माणसाला नेमकी हीच कथा सुचावी, याचें मला फार नवल वाटतें. नक्कल मोहक असते, ती पाहावी, तिच्यावर खूषही व्हावें. पण आजाऱ्याच्या उशाशीं गाणारें दुसरेंच कांहीं असतें.

बागेवर एकदां मोठेंच संकट आलें. १९४४ सालच्या जून महिन्यांत, डेन्मार्क नाझी फौजांच्या ताब्यांत असतां, त्यांच्या डॅनिश हस्तकांनीं स्फोट घडवून बागेंतल्या अनेक इमारती उद्ध्वस्त केल्या. जुनें संगीतगृह त्यांत गेलें. देशांत जो प्रतिकार चालला होता त्याचा सूड म्हणून लोकांची आवडती जागा हेरून घाव घातला गेला. करमणुकीनें प्रजा सर्व कांहीं विसरते असें सांगून जिला परवानगी मिळाली, तीच बाग शंभर वर्षांनीं शत्रूला मोडावीशी वाटली! लोकांनीं ढिगारे उपसले, थोड्याच आठवड्यांत फाटकें पुन्हां उघडलीं, आणि १९५६ सालीं नवें संगीतगृह उभें राहिलें. तेव्हां आज जें जुनें म्हणून दाखवितात त्यांतलें पुष्कळसें कोणीतरी पुन्हां बांधलेलें, रंगविलेलें, तेलपाणी करून चालतें ठेवलेलें आहे. जुनेपण आपोआप टिकत नाहीं. घरांतल्या देवांच्या भांड्यांप्रमाणें तें रोज घांसावें लागतें.

नातवंडांचें आणि आपलें नातें याहून वेगळें नाहीं. इतका लांबचा प्रवास पुन्हां घडेलच, असें वयाच्या बहात्तराव्या वर्षीं धरून चालतां येत नाहीं. सौभाग्यवतींचे गुडघे आणि माझें हृदय यांनाही या बेतांत मत आहे. म्हणून मीं बेताचा कागद चार वेळां लिहिला आणि चार वेळां खोडला. पहिल्या कागदावर तासातासाची वांटणी होती. आतां उरलेल्या कागदावर तीनच ओळी आहेत: उजेड असतांना लांकडी डोंगरगाडी, मग मोराचा खेळ, आणि दिवे लागतांना तळ्याकांठीं बाक. मधली सारी जागा कोरी ठेवली आहे. ती जागा यजमानीणबाईंची. त्यांना जेथें थांबावेंसें वाटेल तेथें आम्हीं थांबावें, आणि पाय दुखूं लागले तर तसें स्पष्ट सांगावें, एवढेंच ठरलें आहे.

आणखी चाळीस वर्षांनीं ती आपल्या मुलांना घेऊन त्या फाटकांतून शिरेल, तेव्हां तिला काय आठवेल हें कोणी सांगावें? मोर कदाचित् आठवणार नाहीं, डोंगरगाडीही आठवणार नाहीं. त्या भोपळ्यांच्या राशीपुढें उभें राहून आजी घारग्यांविषयीं काय म्हणाली, तेवढेंच आठवेल. आणि तें बहुधा मराठींत आठवेल.