मोझेलकाठचे दोनशे किलोमीटर

शेंगेन हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो व्हिसाच्या अर्जामुळे. आई-वडिलांना तीन महिन्यांसाठी बोलवायचं म्हटलं की विम्यापासून बँकेच्या स्टेटमेंटपर्यंतची सगळी धावपळ याच नावाने होते. प्रत्यक्षात शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीच्या काठचं, द्राक्षबागांनी वेढलेलं एक लहानसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या बोटीवर पाच देशांनी त्या करारावर सह्या केल्या. समोरच्या काठावर जर्मनीतलं पेर्ल आहे आणि मोझेलचा जर्मनीतला सायकलमार्ग तिथूनच सुरू होतो.

गेल्या सप्टेंबरात या मार्गाचा ट्रीअर ते कोब्लेंत्स हा टप्पा आम्ही चार दिवसांत केला. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि त्याच शेंगेन व्हिसावर आलेले माझे वडील. अण्णा सदुसष्ट वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि अण्णा अजूनही बागेत सायकलनेच जातात. त्यांच्यासाठी ट्रीअरला बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी बॅटरी सुरूच केली नव्हती.

दोनशे किलोमीटर ऐकून दचकायचं कारण नाही. रस्ता नदीच्या कडेने जातो, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीतच. ट्रीअर ते कोब्लेंत्स हे सरळ रेषेतलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण आयफेल आणि हुन्सरूक या डोंगररांगांमधला स्लेटचा दगड कापत नदी इतकी वळणं घेते की ते दुप्पट होतं. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी काठावरून घोडे ओढत नेत. त्या घोड्यांच्या वाटांवरून आज काही ठिकाणी सायकली धावतात. १९६४ साली नदी मोठ्या मालवाहू बोटींसाठी खुली झाली. त्यासाठी ट्रीअर ते कोब्लेंत्स दहा बंधारे बांधले. प्रत्येक बंधाऱ्याशेजारी पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली करणारा हौद आहे. एक अजस्र बोट त्या हौदात हळूहळू खाली उतरताना पाहायला आमचा मुलगा पाऊण तास उभा राहिला. सायकलप्रवासात असा पाऊण तास देता येतो.

पहिला मुक्काम चाळीस किलोमीटरवर, नॉयमागेनला केला. ट्रीअरचा पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा आणि नदीवरचा रोमन पूल सकाळी पाहून घेतला. त्या पुलाचे खांब दुसऱ्या शतकातले आहेत आणि अजून वाहतूक पेलतात. नॉयमागेनला १८७८ मध्ये एक रोमन शिल्प सापडलं. त्यात पिंपांनी भरलेली बोट आहे आणि वल्ही मारणारे खलाशी आहेत. मूळ शिल्प ट्रीअरच्या संग्रहालयात आहे. म्हणजे या उतारांवरची द्राक्षं आणि नदीतून जाणारी वाइन हा व्यवहार जवळपास अठराशे वर्षांचा तरी आहे.

इथून पुढे दोन्ही बाजूंना बागाच बागा लागतात. अण्णांचं सायकल चालवणं कमी आणि थांबणं जास्त व्हायला लागलं. आमच्याकडे द्राक्षाला मांडव असतो आणि घड डोक्यावर लोंबतात. इथे जुन्या पद्धतीच्या बागेत प्रत्येक वेलीला एकच खांब, आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, अशा दोन छाटण्या होतात. इथे थंडीत वेल झोपते, म्हणून छाटणी एकदाच, हिवाळ्यात. अण्णांचे प्रश्न संपेनात. पाणी कुठून देतात? बहुतेक ठिकाणी देतच नाहीत, मुळं स्लेटच्या फटींतून खोल जातात. एवढ्या उतारावर औषध कसं मारतात? हेलिकॉप्टरने, आणि आता ड्रोननेही. हे ऐकून त्यांनी टोपी मागे सरकवली आणि बराच वेळ वर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी बर्नकास्टेल-कूस लागलं. बर्नकास्टेलचा चौक आणि लाकडी चौकटींची जुनी घरं सगळेच पाहतात, पण पूल ओलांडून कूसच्या बाजूला जरूर जावं. पंधराव्या शतकातले तत्त्वज्ञ आणि कार्डिनल निकोलाउस फॉन कूस हे इथले. त्यांनी ३३ गरजू वृद्धांसाठी आश्रम स्थापन केला आणि खर्चासाठी त्याला द्राक्षबागा लावून दिल्या. तो आश्रम आजही वृद्धांसाठीच चालतो. पुढे वेलेन गावासमोर भर उतारावर, वेलींच्या मधोमध, १८४२ सालचं सूर्यघड्याळ आहे. त्यानंतर डोक्यावरून जातो २०१९ मध्ये खुला झालेला महामार्गाचा पूल, नदीपासून सुमारे १६० मीटर उंच. वरून जाणाऱ्या गाडीला ही दरी काही सेकंदांत संपते. आम्ही तिथून ट्राबेन-ट्रारबाखला मुक्कामाला पोहोचलो तोवर संध्याकाळ झाली होती.

तिसरा दिवस सर्वांत लांब, कोखेमपर्यंत पंचावन्न किलोमीटर. ब्रेम गावाशी नदी एक मोठं वळण घेते आणि समोर काल्मोंट उभा राहतो. युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षबागांमध्ये याचं नाव पहिलं घेतात. काही ठिकाणी चढ ६५ अंशांच्या आसपास आहे. ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. दात्यांच्या एका रुळावरून चढणारी छोटी गाडी माणसं आणि माल वर नेते, बाकी सगळं हाताने. सप्टेंबर असल्यामुळे तोडणी नुकतीच सुरू झाली होती. वर रंगीत ठिपक्यांसारखी माणसं वाकून काम करत होती. पण नीट पाहिलं तर हिरव्या रांगांच्या मध्ये मोठमोठे पट्टे झुडपांनी भरलेले होते. दगडी ताली ढासळलेल्या. अण्णांना ते माझ्या आधी दिसलं. "हे पडीक का ठेवलंय?"

उत्तर दुपारी मिळालं. या भागात बागायतदार हंगामात स्वतःच्या अंगणात टेबलं मांडून वाइन आणि साधं जेवण देतात. अशाच एका अंगणात आम्ही बसलो. अण्णा पीत नाहीत, त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस घेतला. मालकीण साठीची असेल. अण्णा मराठीत विचारत होते, मी जर्मनमध्ये सांगत होते. बाग किती? अडीच हेक्टर. "म्हणजे सहा एकर," अण्णांनी लगेच हिशेब केला. मजूर मिळतात का? पोलंडहून येतात, रुमानियाहून येतात, तेही आता कमी झालेत. मुलगा? स्टुटगार्टला इंजिनिअर आहे, तोडणीला सुट्टी काढून येतो. वरच्या ताली चार वर्षांपूर्वी सोडून दिल्या, कारण उतारावरच्या एका बाटलीला सपाटीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट लागतात आणि दुकानात गिऱ्हाईक भाव तेवढाच बघतं. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मग तिने तिच्या बागेतला एक घड आणून अण्णांपुढे ठेवला. रीसलिंगचे मणी लहान, सालीचे, बियांचे. तासगावच्या लांबट, बिनबियांच्या मण्यांपुढे अगदीच किरकोळ. अण्णांनी एक मणी चावला, बी हातावर काढून पाहिली आणि म्हणाले, "गोडी चांगली उतरलीय. तिला सांग."

मोझेलच्या बागा १९९० च्या सुमारास बारा हजार हेक्टरांवर होत्या. आता त्या साडेआठ हजारांच्या आसपास उरल्या आहेत. उतारावरच्या बागा आधी सुटतात आणि नेमक्या त्याच पाहायला आपण इतक्या लांबून येतो.

कोखेमच्या अलीकडे रेल्वे एलरपाशी १८७९ सालच्या बोगद्यात शिरते आणि चार किलोमीटरांत पलीकडे निघते. नदी आणि सायकलवाले तेवढ्याचसाठी वीस किलोमीटर फिरून येतात. त्या वीस किलोमीटरांत बाइलश्टाइनसारखी गावं आहेत. कोखेमला नदीकाठच्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, त्यात डिसेंबर १९९३ ची खूण फार वर आहे. सांगलीकडच्या माणसाला अशी खूण दिसली की आयर्विन पूल आठवतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अण्णांनी हात उंच करून खुणेपर्यंत पोहोचतो का ते पाहिलं. पोहोचला नाही.

चौथ्या दिवशी कोब्लेंत्सला मोझेल ऱ्हाइनला मिळते तिथे पोहोचलो. सायकली रेल्वेत घातल्या आणि चार दिवसांची वाट दीड तासात उलटी पार करून ट्रीअरला आलो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. एकच दिवस असेल तर बुलाय ते कोखेम किंवा कोखेम ते कोब्लेंत्स करावं, दोन्हीकडे परतीला रेल्वे आहे. बुलायच्या वरच्या बाजूला मुख्य रेल्वे नदी सोडून जाते, म्हणून बर्नकास्टेलच्या परिसरात परतीची सोय आधी पाहून ठेवावी. दुसरी सोपी वाट म्हणजे आयफेलमधल्या डाउनहून बर्नकास्टेलला उतरणारा, जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलमार्ग. सप्टेंबरात खोल्या महिनाभर आधी घ्याव्यात. तोडणीच्या दिवसांत वाटेवर ट्रॅक्टर येतात, त्यांना जागा द्यावी. फ्लामकुखन मागवताना मांस नको हे स्पष्ट सांगावं. आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोबत असावी, कारण दुपारी दोननंतर गावातल्या खानावळींच्या चुली थंड होतात.

परतीच्या रेल्वेत मुलगा झोपला होता. अण्णा खिडकीतून बघत म्हणाले, "पुढच्या साली वरचा एकर काढायचा म्हणतोय. आल्यापासून तुला सांगीन सांगीन म्हणत होतो." माझा भाऊ पुण्यात, मी इथे. त्या एकरातली पहिली रोपं लावताना आम्ही दोघं भावंडं पाणी घालत होतो. मी काही बोलले नाही, कारण 'काढू नका' म्हणायचा हक्क तिथे राहणाऱ्याला असतो.

अण्णा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गावी परतले. परवा त्यांचा फोन आला. पाऊस उघडला, छाटणी उरकली, टोळी वेळेवर आली. किती एकरांची केली, हे मी विचारलं. "तिन्ही," ते म्हणाले. "एक साल बघू."