मोरपंखी म्हणजे द्राक्षवेल नव्हे

प्रिय दादा,

फोन केलास की तुझा पहिला प्रश्न ठरलेला : "फुटली का गं मोरपंखी?" नाही फुटली. आषाढ सरत आला, साताऱ्यात पावसानं सगळं हिरवंगार केलं, पण कुंपणाची रस्त्याकडची बाजू एप्रिलमध्ये तू छाटून गेलास तशीच तपकिरी आहे. तिथं ती आता हिरवी होणारही नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते.

तुझा हात तासगावच्या द्राक्षबागेत तयार झालेला. खरड छाटणी म्हणजे ओलांड्यावर काडीला एक-दोन डोळे ठेवायचे, बाकी सगळं खाली. वेलीच्या जुन्या लाकडातही डोळे झोपलेले असतात, अन्नसाठा असतो. म्हणून ती उघडी केली तरी जोमानं फुटते. मोरपंखी सूचिपर्णी गटातली. पानं झडलेल्या तिच्या जुन्या फांदीवर फुटण्याजोगे डोळे जवळजवळ नसतातच. वाढते ती हिरव्या टोकांतून. तो हिरवा थर तरी केवढा? जेमतेम वीतभर. आत उजेड पोचत नाही, तिथली पानं आपोआप वाळतात आणि उरतात नुसत्या काटक्या. तुझी कात्री थेट त्या काटक्यांपर्यंत गेली. सावलीत वाढलेली जी थोडी पानं वाचली, ती एप्रिल-मेच्या उन्हानं करपवली.

साल नखानं खरवडून बघ म्हणालास, बघितली. आत हिरवं आहे. पण फांदी जिवंत असली म्हणजे फुटेलच, असं इथं नाही. युरिया टाकून काही होणार नाही. आणि द्राक्षाचे डोळे फुटावेत म्हणून लावतोस ती पेस्ट? डोळाच नाही तर लावायची कशाला!

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. 1888 मध्ये वेल्समध्ये दोन अमेरिकी सायप्रसांच्या संकरातून लेलँड सायप्रस निपजला. ब्रिटनमध्ये त्याची कुंपणं इतकी माजली की शेजाऱ्यांच्या भांडणांपायी 2003 मध्ये उंच कुंपणांसाठी कायद्यात तरतूद करावी लागली. तीही आतल्या लाकडापर्यंत कापली की तपकिरीच राहतात. यू हा सूचिपर्णींतला ठळक अपवाद. तो जुन्या लाकडातूनही फुटतो. आपल्या दारात यू नाही.

आता करायचं काय? फाटकाजवळ थोडे हिरवे फाटे शिल्लक आहेत. ते सुतळीनं ओढून तिथल्या खिंडारावर बांधलेत. हळूहळू झाकेल. शेंडा कापलाय तिथं बाजूची वाढ वर येऊन खोड लपवेल. यापुढं छाटणी पावसाच्या सुरुवातीला, हलक्या हातानं, हिरव्यातल्या हिरव्यात. वरती निमुळतं, खाली रुंद ठेवायचं, म्हणजे बुडापर्यंत उजेड जातो.

रस्त्याकडची झाडं मात्र काढायची. आईला वाईट वाटतंय. शाळेत असताना आपण हिचीच पानं वहीत ठेवायचो ना, विद्या येते म्हणून! (तुझ्या वहीत माझ्यापेक्षा जास्त असायची, गणित तरी कुठं सुधारलं?) त्या जागी कडू मेंदी लावू. काडी खोचली की लागते, शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि कितीही खोल कापलीस तरी फुटते. तुझ्या हाताला तेच कुंपण बरं.

तेव्हा पाऊस आहे तोवर ये. तुझ्या बांधावरच्या कडू मेंदीच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आण. तुझी कात्री कडू मेंदीवर हवी तेवढी चालव, उरलेल्या मोरपंखीला मात्र हात लावू नकोस.

तुझी,
धाकटी