होडीचा सेल्फ

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं आमच्या जुन्नर-आंबेगावातली. एवढं पाणी असून होडीच्या इंजिनाचा मिस्त्री मात्र इकडे सहसा सापडत नाही. मग ट्रॅक्टरचे सेल्फ खोलणाऱ्या माझ्याकडेच होडीवाले येतात. दोघं मिळून जुनं आउटबोर्ड टेम्पोतून उतरवतात आणि सांगतात, "सेल्फ गेला, नवीन टाका." मला हे पटत नाही. बहुतेक वेळा सेल्फ धडधाकट असतो. त्याच्यापर्यंत करंटच पुरेसा पोचत नसतो.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मी विचारतो, किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं? काहीच नाही, तर गियर न्यूट्रलला आहे का बघायचं. गियरमध्ये असताना सेल्फ लागू नये म्हणून आत एक खटका असतो. लिव्हरची केबल सैल झाली की तो दबत नाही. मग फ्यूज आणि किल्लीमागच्या वायरी. भरभर टकटक आली तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच जड 'टक' होऊन सगळं थांबलं, तर सोलेनॉइडचे पॉइंट जळलेत, नाहीतर सेल्फ किंवा इंजिनच जाम आहे. अशा वेळी बॅटरीची तार सोडून, प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून बघतो. सेल्फ घूं करून नुसताच पळाला, तर पिनियन वर चढत नाही.

पावसाळ्यात पश्चिम आंबेगावात इंजिनं पडवीत पडून असतात. खारं पाणी नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण तिकडची दमट हवाही तांबं खातेच. वरून तार नवीकोरी दिसते. टोकाच्या थिंबळाशेजारचं रबर दोन बोटं सोललं की आतले धागे काळेठिक्कर निघतात.

हे न सोलताही कळतं. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली मारल्यावर ती ९.५ च्या खाली घसरली तर आधी बॅटरी तपासायची. ती टिकली, तर मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर धरायची, काळी सेल्फच्या बोल्टवर, आणि दुसऱ्याला किल्ली मारायला सांगायचं. पिन शिशाच्या खुंटीवरच टेकली पाहिजे, क्लॅम्पवर नाही. नाहीतर त्या दोघांमधली घाण मोजणीतून निसटते. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर वाट मोकळी. २ व्होल्ट आले, तर तेवढा जोर वाटेतच उष्णता होऊन संपला. मग तसंच निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फचं अंग यांच्यामध्ये मोजायचं. हे दुसरं मोजमाप कुणी घेतच नाही. अर्थिंगच्या बोल्टाखाली रंग किंवा गंज असतो आणि निष्कारण नव्या सेल्फचे पैसे जातात. मी तो बोल्ट काढून खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करतो, तार स्वच्छ तांब्यापर्यंत कापून नवं थिंबळ दाबतो.

पिनियनच्या आट्यांवर ग्रीस थापायची सवय मात्र सोडायला हवी. त्यात धूळ बसते, चिखलासारखी घट्ट होते आणि पिनियन जागीच राहतो. पेट्रोलने धुऊन, पूर्ण वाळवून, हलक्या तेलाचे थेंब पुरतात. कार्बन झिजले असतील किंवा आर्मेचरला खाचा पडल्या असतील तर मी नारायणगावला वाइंडिंगवाल्याकडे जातो. विहिरीवरच्या मोटारी भरणारे ते हात सेल्फलाही जीव आणतात.

डिंभ्याच्या होडीवर मी जास्त वेळ घालवतो. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली गेलं आणि कचेरी घोडेगावात आहे. पायवाटाही बुडाल्या, आता समोर दिसणाऱ्या वाडीला रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा पडतो. अशा पाण्यात दुपारचा वारा सुटल्यावर सेल्फ लागला नाही, तर होडी वाऱ्याच्या मर्जीवर.

सेल्फ सतत दाबून धरू नका. दहा सेकंदांत इंजिन धरलं नाही तर दोन मिनिटं थांबा, नाहीतर आतलं वाइंडिंग जळतं. सेल्फ फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप निघालीय का, चोक आणि पेट्रोल आहे का, हे बघा. आणि बऱ्याच जुन्या इंजिनांच्या फ्लायव्हीलला वर खाच असते. गाठ मारलेली जाड दोरी तिच्यात अडकवून, गुंडाळून ओढली की सेल्फशिवायही इंजिन चालू होतं. न्यूट्रल बघून, पाय रोवून, मागे कुणी उभं नाही याची खात्री करून ओढायचं. दुरुस्त झालेलं इंजिन टेम्पोत चढवताना मी ती दोरी स्वतः कापून, गाठ मारून देतो आणि माझ्यासमोर एकदा ओढायला लावतो.